स्टोअर्ड फंक्शनमध्ये कमिट चालत नाही. मग रात्रीची बॅच लिहायची कशी?

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फंक्शनच्या (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडच्या) आत 'कमिट' (केलेले बदल कायम करण्याची आज्ञा) लिहिलं की 'इनव्हॅलिड ट्रान्झॅक्शन टर्मिनेशन' ही एरर येते. त्यावर हमखास मिळणारा सल्ला एकच: "फंक्शनचं प्रोसिजर करा, झालं काम." काम होत नाही. एरर फक्त जागा बदलते.

उदाहरण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्याचं घेऊ. दिवसभर गोदामातून लूमवर सूत जातं. प्रत्येक नोंद 'सूत_वाटप' या टेबलात 'बाकी' स्थितीत पडते. रात्रीची बॅच तेवढे किलो साठ्यातून वजा करते आणि नोंद 'जमा' करते. साठा शून्याखाली जाऊ नये म्हणून चेक कन्स्ट्रेंट (टेबलावरची तपासणीची अट) आहे. वीस हजार नोंदींत एकाने २५ किलोऐवजी २५० टाकले, की सगळी बॅच रोलबॅक, म्हणजे झालेलं कामही परत फिरतं.

आधी ठरवा: कमिट खरंच हवं का?

फंक्शन नेहमी बोलावणाऱ्याच्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र टिकणाऱ्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) चालतं, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. एका चलानावर चार काउंटचं (जाडीचं) सूत असेल तर चारही ओळी चढाव्यात किंवा एकही चढू नये. अशा कामासाठी साधं फंक्शन लिहा आणि कमिटचा निर्णय बोलावणाऱ्यावर सोडा. एकमेकांशी संबंध नसलेल्या हजारो नोंदी ओढायच्या असतील, तरच पुढे वाचा.

प्रोसिजर तयार करा

आवृत्ती ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, प्रोसिजरच्या आत कमिट करण्याची सोय आहे. 'सिक्युरिटी डिफायनर' (मालकाच्या हक्काने चालवणारं कलम) लावू नका, व्याख्येला 'सेट' (सेटिंग बदलणारं) कलम जोडू नका. दोन्हींपैकी एक जरी असलं तरी आत कमिट चालत नाही.

कमिट नेमकं कुठे ठेवायचं

सगळी मेख इथे आहे. चुकीची नोंद पकडायला 'एक्सेप्शन' (एरर पकडणारं कलम) लागतं आणि काम जपायला 'कमिट' लागतं, म्हणून लोक दोन्ही एकाच बिगिन-एंड ब्लॉकमध्ये कोंबतात. 'एक्सेप्शन' असलेला ब्लॉक सुरू होताच पोस्टग्रेस आतून एक सबट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शनच्या आतलं छोटं ट्रान्झॅक्शन) उघडतो, आणि ते उघडं असताना कमिट करू देत नाही. त्यात गंमत अशी की एरर कमिटच्या ओळीवर येते आणि तुमचाच 'व्हेन अदर्स' (कुठलीही एरर पकडणारा भाग) ती गिळतो. बॅच "यशस्वी" संपते, टेबलात मात्र काहीच बदललेलं नसतं. 'व्हेन अदर्स देन नल' (एरर आली तरी काहीच करू नका) लिहिणाऱ्याच्या हातात बॅच देऊ नये, हे माझं ठाम मत.

सांगाडा असा ठेवा:

लूप
  ५० बाकी नोंदी उचला, लॉक करा
  प्रत्येक नोंदीसाठी:
    बिगिन
      साठा वजा करा, नोंद 'जमा' करा
    एक्सेप्शन
      नोंद 'अडलेली' करा, एररचा मजकूर लिहा
    एंड
  कमिट
  एकही नोंद मिळाली नसेल तर बाहेर पडा
एंड लूप

कमिट आतल्या ब्लॉकच्या बाहेर, आणि प्रोसिजरच्या सर्वांत बाहेरच्या बिगिन-एंडला 'एक्सेप्शन' अजिबात नाही. ते एक कलम "सुरक्षिततेसाठी" जोडलं की सगळं पुन्हा पहिल्या पायरीवर.

'अडलेली' ही खूण विसरू नका. एरर आली की आतल्या ब्लॉकमधलं काम परत फिरतं आणि नोंद पुन्हा 'बाकी' होते. खूण केली नाही तर पुढच्या फेरीत तीच नोंद परत हाती येते आणि लूप सकाळपर्यंत फिरत राहतो. खूण एक्सेप्शनच्या भागातच करा. तिथवर आतलं काम मागे गेलेलं असतं, त्यामुळे तिथे लिहिलेलं टिकतं. आणखी एक खाच: डेटाबेसमधलं काम परत फिरतं, व्हेरिएबल फिरत नाहीत. ब्लॉकच्या सुरुवातीलाच 'झालेल्या' नोंदींचा आकडा वाढवलात तर तो खोटा निघेल.

पन्नासच का? प्रत्येक आतला ब्लॉक काही लिहितो तेव्हा वेगळा ट्रान्झॅक्शन क्रमांक घेतो, आणि पोस्टग्रेस एका कनेक्शनमागे असे ६४ क्रमांकच हाताशी ठेवतो. त्यापुढे गेलात की इतर कनेक्शनांनाही ते शोधायला लांबचा फेरा पडतो आणि गर्दीच्या वेळी सगळंच रेंगाळतं. ट्रिगरमध्येही (नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) एक्सेप्शन असेल तर तेही यात मोजलं जातं, तेव्हा पन्नासचे वीस करा.

'फॉर' लूपमध्ये एकच मोठी क्वेरी चालवून आत कमिट करण्याचा मोह टाळा. तसं चालतं, पण पहिल्या कमिटलाच उरलेली सगळी क्वेरी एकदम वाचून साठवली जाते, आणि 'फॉर अपडेट'ने (ओळी लॉक करणाऱ्या कलमाने) घेतलेले लॉक तिथेच सुटतात. पुढच्या ओळी तुम्ही जुन्या चित्रावरून वाचता. म्हणून प्रत्येक फेरीत नव्याने ५० उचला, 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' (दुसऱ्याने लॉक केलेल्या नोंदी सोडा) लावून.

टेबलावर 'डेफर्ड' कन्स्ट्रेंट असेल तर त्याची तपासणी कमिटला होते, म्हणजे तुमच्या एक्सेप्शनच्या बाहेर. आतल्या ब्लॉकच्या शेवटी 'सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट' चालवा, मग ती एरर आतच सापडेल.

बोलावताना

प्रोसिजर बोलावणारा 'कॉल' एकटाच पाठवा, आधी ट्रान्झॅक्शन उघडणारं बिगिन नको. जावाच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक स्टेटमेंटनंतर आपोआप कमिट) चालू ठेवा, पायथनच्या सायकोपीजीमध्ये ते मुद्दाम चालू करावं लागतं. नाहीतर ड्रायव्हर स्वतःच ट्रान्झॅक्शन उघडतो आणि पहिल्याच कमिटला एरर येते. पीजीअ‍ॅडमिनमध्ये दोन-तीन स्टेटमेंट एकदम निवडून चालवलीत तरी हेच होतं. प्रोसिजरने फंक्शन आणि फंक्शनने पुन्हा प्रोसिजर बोलावली, तरी कमिट बंद.

तपासा

दहा नोंदी टाका, त्यातली चौथी मुद्दाम चुकीची. नऊ 'जमा' आणि एक 'अडलेली' दिसली पाहिजे. मग हजारभर नोंदी टाकून बॅच सुरू करा आणि मध्येच दुसऱ्या कनेक्शनवरून ती तोडा. पुन्हा चालवल्यावर उरलेल्याच नोंदी उचलल्या जातात का ते पाहा. एकाही नोंदीचं सूत दोनदा वजा झालं नाही ना, हेही ताडा. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत बॅच लावून गावाला जायचं असेल तर ही चाचणी आधीच उरकून घ्या.