लाभांशाच्या तारखा कशा वाचाव्यात: घोषणेपासून खात्यात पैसे येईपर्यंत

खानदेशातल्या अनेक घरांना शेअर ही वस्तू ठाऊक झाली ती अमळनेरमुळे. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदली गेलेली आणि पुढे विप्रो म्हणून ओळखली गेलेली कंपनी अमळनेरात वनस्पती तूप बनवत होती. ज्या घरांनी तिचे शेअर घेतले आणि विकले नाहीत, त्यांना लाभांश (कंपनीच्या नफ्यातला वाटा) आणि बोनस (पैसे न भरता मिळणारे जादा शेअर) पिढ्यान्‌पिढ्या आपोआप मिळत गेले. शेअर वर्षानुवर्षे हातात असला की कोणतीही तारीख चुकत नाही, हे त्याचे साधे कारण. आज जळगाव, धुळे किंवा शहाद्यात बसून मोबाइलवरून शेअर घेणाऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याने लाभांशाची बातमी वाचलेली असते, शेअरही घेतलेला असतो, आणि तरीही खात्यात काही येत नाही, कारण त्याने एका तारखेच्या जागी दुसरी धरलेली असते. लाभांश किती, तो कोणाला आणि केव्हा मिळणार, या प्रत्येक प्रश्नाची तारीख निराळी आहे. त्या तारखा कोणत्या क्रमाने पाहाव्यात, ते पुढे दिले आहे.

घोषणा मुळातून वाचावी

लाभांशावर विचार करण्यासाठी संचालक मंडळाची बैठक होणार असेल, तर शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीला एक्सचेंजला, म्हणजे शेअर बाजाराला, आधी कळवावे लागते. बैठक संपल्यावर निर्णय ३० मिनिटांत जाहीर करावा लागतो. बैठक बाजार बंद झाल्यानंतर संपली असेल, तर ३ तासांची मुभा असते. निर्णय कळवणारे हे पत्र बीएसई आणि एनएसई या दोन एक्सचेंजच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येते. ते एक-दोन पानांचे असते आणि बातमीपेक्षा जास्त विश्वासाचे असते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

पत्रात पहिल्यांदा पाहायचे ते हे की लाभांश अंतरिम आहे की अंतिम. अंतरिम लाभांश संचालक मंडळ स्वतःच्या अधिकारात जाहीर करते आणि त्याला भागधारकांच्या मंजुरीची गरज नसते. अंतिम लाभांशाची मंडळ केवळ शिफारस करते आणि तो जाहीर होतो वार्षिक सर्वसाधारण सभेत. सभेला शिफारशीपेक्षा जास्त लाभांश मंजूर करता येत नाही. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांना वार्षिक निकाल ३० मेपर्यंत द्यावे लागतात आणि सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे वाचलेल्या अंतिम लाभांशाचे पैसे पुष्कळदा श्रावणातला कानबाईचा उत्सव होऊन गेल्यावरच हाती पडतात, आणि त्यात कंपनीचे काही चुकलेले नसते.

दुसरी गोष्ट रकमेची. शेअर प्रति किती रुपये, एवढेच पाहावे. ३०० टक्के लाभांश असा मथळा वाचून हुरळून जाणारे लोक अजूनही भेटतात; पण ही टक्केवारी बाजारभावावर नसून दर्शनी मूल्यावर, म्हणजे कंपनीने शेअरची ठरवलेली मूळ किंमत असते तिच्यावर, असते. २ रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरवर ३०० टक्के म्हणजे ६ रुपये, मग बाजारात तो शेअर कितीलाही मिळत असो.

खरेदीचा शेवटचा दिवस ठरवावा

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून इथे थोडे थांबणे बरे. कंपनी नोंद तारीख म्हणजे रेकॉर्ड डेट जाहीर करते. त्या दिवसाच्या अखेरीस ज्यांची नावे भागधारक म्हणून डीमॅट (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवणाऱ्या खात्यांच्या) नोंदीत असतील, त्यांनाच लाभांश मिळतो. परंतु शेअर विकत घेतला की तो त्याच दिवशी खात्यात येत नाही. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्या बाजारातले सर्व शेअर टी अधिक १ या पद्धतीत आले, म्हणजे सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर खात्यात जमा होतो. त्याआधी दोन दिवस लागत असत. जुनी पुस्तके आणि जुने व्हिडिओ अजूनही नोंद तारखेच्या दोन दिवस आधी खरेदी करा असे सांगतात, ते आता लागू नाही.

एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर लाभांशाविना विकला जातो तो दिवस. टी अधिक १ पद्धतीत ती बहुतेक वेळा नोंद तारखेच्याच दिवशी येते. म्हणून नियम असा धरावा की एक्स-डेटच्या आदल्या बाजाराच्या दिवसापर्यंत खरेदी झाली पाहिजे. एक्स-डेटच्या सकाळी सव्वानऊला केलेली खरेदीसुद्धा उशिराची ठरते.

विप्रोचेच उदाहरण घेऊ. १७ जानेवारी २०२५ रोजी, शुक्रवारी, कंपनीच्या मंडळाने शेअरमागे ६ रुपये अंतरिम लाभांश जाहीर केला. नोंद तारीख मंगळवार, २८ जानेवारी ही ठरली आणि पैसे १५ फेब्रुवारीपर्यंत द्यायचे ठरले. म्हणजे लाभांश हवा असणाऱ्याला सोमवार, २७ जानेवारीला बाजार बंद होईपर्यंत शेअर घेणे भाग होते. सोमवारी घेऊन मंगळवारी विकणाऱ्यालाही लाभांश मिळाला असता, कारण मंगळवारच्या विक्रीची पूर्तता बुधवारी होणार होती. उलट सोमवारी सकाळी घेऊन सोमवारीच दुपारी विकणाऱ्याला काहीच मिळाले नसते, कारण दिवसांतर्गत, म्हणजे एकाच दिवशी घेऊन विकलेल्या, सौद्यात शेअर खात्यात येतच नाही.

सुट्ट्यांकडे मात्र लक्ष असावे. शिवजयंतीला, म्हणजे १९ फेब्रुवारीला, महाराष्ट्रात बँका बंद असतात, पण शेअर बाजारात खरेदी-विक्री चालू राहू शकते. अशा दिवशी सौदे होतात आणि त्यांची पूर्तता पुढच्या दिवशी ढकलली जाते. नोंद तारीख अशा सुट्टीला लागून आली, तर बोटांवर मोजून ठरवलेला दिवस चुकण्याचा संभव असतो. एक्सचेंज आपल्या कॉर्पोरेट अॅक्शनच्या (लाभांश, बोनस अशा घडामोडींच्या) पानावर प्रत्येक कंपनीची एक्स-डेट स्वतः हिशोब करून देते. तिथे लिहिलेली तारीखच खरी मानावी.

केवळ लाभांशासाठी खरेदी करण्यापूर्वी हिशोब मांडावा

एक्स-डेटला शेअरचा भाव साधारणपणे लाभांशाइतका खाली येतो. बाजाराची त्या दिवसाची चढउतार त्यात मिसळते, म्हणून तो तंतोतंत तेवढाच उतरेल असे नाही. समजा ५०० रुपयांचा शेअर असून १० रुपये लाभांश आहे आणि कोणी १०० शेअर आदल्या दिवशी घेतले. त्याला १,००० रुपये लाभांश मिळेल आणि शेअरची किंमत सुमारे तेवढ्यानेच घटेल. इथवर बरोबरी झाली, पण लाभांशावर त्याच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर ३०० रुपये आणि वर उपकर गेला. शेअर विकून झालेला तोटा लाभांशातून वजा करता येत नाही, तो फक्त भांडवली नफ्यातून, म्हणजे शेअरसारखी मालमत्ता विकून झालेल्या नफ्यातून, वजा होतो. रावेर-यावलकडे घड उतरवण्याच्या आदल्या दिवशी कोणी केळीची बाग विकत घेतली, तर घडांची किंमत त्याने बागेच्या भावात मोजलेलीच असते. इथे त्यावर कर आणि दलाली वेगळी. माझ्या मते एक्स-डेटचा उपयोग खरेदीला घाई करण्यासाठी नसून, शेअर घ्यायचे आधीच ठरले असेल तर ते एक दिवस आधी घ्यावेत की नंतर, एवढेच ठरवण्यासाठी आहे. वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्यासाठी ते पुष्कळदा नंतर घेणेच हिताचे ठरते.

पैसे कुठे आणि केव्हा येतात ते पाहावे

कंपनी कायदा २०१३ नुसार जाहीर झालेल्या लाभांशाची रक्कम कंपनीने ५ दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची असते आणि ३० दिवसांत भागधारकांना द्यायची असते. उशीर झाल्यास वार्षिक १८ टक्के व्याज देण्याची तरतूद आहे. वरच्या उदाहरणात १७ जानेवारी आणि १५ फेब्रुवारी या तारखा या मुदतीतच बसतात. अंतिम लाभांशाचे ३० दिवस मात्र मंडळाच्या शिफारशीपासून नव्हे, तर सभेच्या दिवसापासून मोजले जातात. नोंद तारीख सभेच्या आधी असू शकते. त्या दिवशी शेअर तुमच्या नावावर असेल आणि सभेपूर्वी तुम्ही तो विकला असेल, तरी लाभांश तुमचाच राहतो.

हे पैसे ब्रोकरच्या खात्यात येत नाहीत. डीमॅट खात्याला जोडलेल्या बँक खात्यात ते थेट जमा होतात आणि पासबुकात त्यापुढे एसीएच (बँकांमधली आपोआप रक्कम जमा करण्याची व्यवस्था) अशी नोंद व कंपनीचे नाव दिसते. ब्रोकरच्या अॅपमध्ये शोधून मिळाले नाही म्हणून लाभांश बुडाला, असे समजण्याचे कारण नाही. बँकांच्या विलीनीकरणात ज्यांचा खाते क्रमांक किंवा आयएफएससी बदलला, त्यांनी डीमॅटमधला तपशील एकदा तपासून घ्यावा, कारण परत गेलेल्या लाभांशाचे हे एक नेहमीचे कारण आहे. ज्यांचे शेअर अजून कागदी प्रमाणपत्रांच्या रूपात आहेत, त्यांनी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) पॅन, बँक खाते आणि केवायसी, म्हणजे ओळखीचा तपशील, पूर्ण करणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०२४ पासून तपशील अपुरा असलेल्या फोलिओंना, म्हणजे कागदी शेअरच्या खात्यांना, ही पूर्तता झाल्याशिवाय लाभांश मिळत नाही आणि मिळतो तोही थेट बँकेतच.

कराची तयारी नोंद तारखेच्या आधी करावी

१ एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर कंपनी नव्हे, भागधारक भरतो. निवासी व्यक्तीला एका कंपनीकडून वर्षभरात १०,००० रुपयांहून अधिक लाभांश मिळणार असेल, तर कंपनी १० टक्के टीडीएस (पैसे देण्यापूर्वीच कापलेला कर) कापते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पूर्वी ५,००० रुपये होती. पॅन दिलेला नसेल, तर कपात २० टक्के होते. ज्यांचे उत्पन्न करपात्रच नाही, त्यांना स्वयंघोषणापत्र देऊन कपात टाळता येते. ती घोषणापत्रे मागणारे ईमेल रजिस्ट्रारकडून येतात आणि त्यात शेवटची तारीख दिलेली असते. घरातल्या वयस्कर भागधारकांचे ईमेल कोणी उघडत नाही आणि ही तारीख निघून जाते. मग विवरणपत्र भरून परतावा मागणे एवढाच मार्ग उरतो.

बोनस आणि विभाजनाच्या वेळी घाबरू नये

बोनस किंवा शेअर विभाजनात (एका शेअरचे कमी दर्शनी मूल्याचे अनेक शेअर करण्यात) नोंद तारीख आणि एक्स-डेट यांचा नियम तोच राहतो, पण पडद्यावर दिसणारे चित्र अधिक भीतिदायक असते. विप्रोच्या मंडळाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी एकास एक बोनस सुचवला, भागधारकांची मंजुरी घेतली आणि ३ डिसेंबर २०२४ ही नोंद तारीख ठरवली. ३ तारखेच्या सकाळी भाव आदल्या दिवसाच्या निम्म्यावर दिसला आणि खात्यातले शेअर मात्र जुन्याच संख्येचे होते, म्हणून अॅपमध्ये संपत्ती अर्धी झाल्यासारखे दिसणे अपरिहार्य होते. बोनसच्या वेळी एक्सचेंज आदल्या दिवसाचा बंद भाव प्रमाणात कमी करूनच नवा आधारभाव धरते. त्या सकाळी घाईने विक्री करू नये आणि आधीच भाव ठरवून ठेवलेल्या ऑर्डरी मात्र जरूर तपासाव्यात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून जाहीर झालेल्या बोनसबाबत सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, नोंद तारखेपासून नवे शेअर मिळेपर्यंतचा हा मधला काळ बराच कमी केला आहे: नोंद तारखेनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी बोनस शेअर विक्रीस खुले होतात. म्हणजे ३ डिसेंबरच्या नोंद तारखेला ५ डिसेंबर. पूर्ण संख्येत न बसणारा हिस्सा रोखीत मिळतो. २०१९ मध्ये विप्रोने तीन शेअरला एक असा बोनस दिला, तेव्हा १० शेअर असणाऱ्याला ३ शेअर मिळायचे आणि उरलेल्या एक-तृतीयांश शेअरचे पैसे.

करासाठी बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरली जाते आणि त्यांचा धारणकाळ वाटपाच्या दिवसापासून मोजला जातो. विभाजनात तो मूळ खरेदीपासूनच चालू राहतो. नोंद तारखेपूर्वी ३ महिन्यांच्या आत शेअर घेऊन, बोनस मिळाल्यावर मूळ शेअर ९ महिन्यांच्या आत तोट्यात विकले आणि बोनस शेअर ठेवले, तर तो तोटा वजावटीस धरला जात नाही. ही तरतूद अनेकांना विवरणपत्र भरतानाच कळते.

हक्क शेअर, म्हणजे राइट्स (जुन्या भागधारकांना पैसे देऊन नवे शेअर घेण्याची दिलेली संधी), यांची रीत निराळी आहे. नोंद तारखेला नाव असले तरी नुसते बसून काही मिळत नाही. डीमॅटमध्ये हक्क जमा होतात, ते मुदतीत एकतर पैसे भरून वापरावे लागतात किंवा बाजारात विकावे लागतात. दोन्ही न केल्यास ते रद्द होतात.

न मिळालेल्या लाभांशाचा माग काढावा

३० दिवसांत न दिला गेलेला किंवा न घेतला गेलेला लाभांश कंपनी पुढच्या ७ दिवसांत वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवते. तोवर कंपनीच्या रजिस्ट्रारला अर्ज करून, बँकेचा तपशील दिला की काम होते. ७ वर्षे गेली की ती रक्कम केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जाते. आणि सलग ७ वर्षे लाभांश घेतला गेला नसेल, तर मूळ शेअरही तिकडे वर्ग होतात. आजोबांच्या नावावरची प्रमाणपत्रे ट्रंकेत सापडली, तर प्रमाणपत्रावरच्या फोलिओ क्रमांकासह आधी रजिस्ट्रारला विचारावे आणि आयईपीएफच्या संकेतस्थळावर नाव शोधावे. रक्कम किंवा शेअर तिथे गेलेले आढळले, तर वारसा हक्काची कागदपत्रे पूर्ण करून कंपनीकडून हक्कपत्र (तुमचा हक्क मान्य असल्याचे पत्र) मिळवावे आणि त्यानंतर आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरावा. अर्जाची छापील प्रत आणि जोडकागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचे असतात. त्याच्या पडताळणी अहवालानंतर आयईपीएफ प्राधिकरण शेअर थेट अर्जदाराच्या डीमॅट खात्यात आणि लाभांश बँक खात्यात जमा करते, म्हणून अर्ज करण्यापूर्वीच वारसाच्या नावाचे डीमॅट खाते उघडलेले असावे.