गावाचा इतिहास दप्तरखान्यात शोधताय? या चुका टाळा

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांचे, हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. तरीही बरेच जण ‘आमच्या गावाचं काहीच नाही’ म्हणत परततात. कागद असतो, पण तो भलत्याच नावाखाली शोधलेला असतो.

पहिली चूक म्हणजे आजचा जिल्हा सांगून कागद मागणं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधीचं बरंचसं रत्नागिरीच्या नावावर सापडेल. रायगड म्हणजे जुना कुलाबा. मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून तिथला शोध पुण्या-मुंबईत संपत नाही, हैदराबादपर्यंत जावं लागतं. पेशवाईतल्या कागदांत तर जिल्हा नसतोच. प्रांत, परगणा, तर्फ (काही गावांचा गट) आणि मग मौजे, म्हणजे गाव, असतं. गाव कुठल्या तर्फेत होतं ते आधी शोधा, मगच सूची उघडा.

आडनावाचा हट्टही सोडा. ‘अमका बिन तमका, पाटील मौजे अमुक’ अशीच नोंद बहुधा मिळते; ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. बापाचं नाव आणि वतन हाताशी ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सनाचा. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसतं. हे अरबी आकडे: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. पुष्कळ जण तो हिजरी सन समजतात आणि १७४८ काढतात. पण हा शुहूर सन, मृगापासून सुरू होणारा. त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. मग १७६०-६१ येतं, म्हणजे पानिपताचं वर्ष! एवढ्याशा चुकीनं कागद भलत्याच काळात जातो. महिना आणि तारीख मात्र मुसलमानी असतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. सोबत शके दिला असेल तर ७८ किंवा ७९ मिळवून ताळा जरूर पाहा.

मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, पण लिप्यंतरासोबत मूळ कागदाची प्रतही मागा. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ छापील खंड पाहून थांबू नका. ती निवड आहे, गावाचा वसूल आणि तंटे बहुतेक न छापलेल्या रुमालांतच आहेत.

आणि प्रत्येक नोंदीशेजारी रुमाल क्रमांक लगेच लिहा. नंतर तो आठवत नाही, आणि क्रमांकाशिवाय तोच कागद पुन्हा मिळणं फार कठीण.