बाहेर काय खावे आणि घरी काय रांधावे

पुण्यात राहून ज्याला रोज चवीने जेवायचे आहे, त्याने आधी एक वाटणी मनाशी पक्की करावी. कोणते पदार्थ बाहेर जाऊन खायचे आणि कोणते घरीच करायचे, हे पदार्थाच्या स्वभावावरून ठरवावे. दरावरून किंवा हॉटेलच्या नावावरून ठरवू नये. मोठ्या पातेल्यात, तासन् तास मंद उकळीवर आणि रोजच्या सरावाच्या हातांनी जे अधिक चांगले होते, ते बाहेर खावे. तव्यावरून ताटात येईपर्यंत ज्याची चव उतरते, ते घरी करावे. मिसळ, जिलेबी, अमृततुल्यातला चहा आणि बेकरीची बिस्किटे पहिल्या गटात बसतात, तर भाकरी, वरणभात, पालेभाजी आणि कोशिंबीर दुसऱ्या गटात. प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत नेमके उलटे चालते. शनिवारी रात्री हॉटेलात पालकाची भाजी मागवली जाते आणि रविवारी सकाळी घरी जिलेबीचा घाट घातला जातो.

मिसळीपासून सुरुवात करणे सोयीचे. घरी चार माणसांपुरता केलेला कट, म्हणजे मिसळीचा पातळ रस्सा, चवीला बरा होतो, पण त्याला मुरायला अवसर मिळत नाही. मिसळीच्या दुकानात कट सकाळपासून उकळत असतो, मसाल्याचा कच्चेपणा पूर्ण जातो आणि तर्री, म्हणजे तेलाचा तवंग, आपोआप वर येऊन थांबते. शहरातल्या मिसळींच्या चवी एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत, हे नवख्या माणसाने लक्षात घ्यावे. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ गोडसर वळणाची आहे. फडके हौदाजवळच्या वैद्य उपाहारगृहाची मिसळ आले आणि हिरव्या मिरचीवर उभी असून तिचा रस्सा लाल नसतो. टिळक रस्त्यावरच्या रामनाथची मिसळ तिखटासाठी ओळखली जाते, तर काटाकिर्रची धाटणी कोल्हापुरी आहे. या सगळ्या एकाच आठवड्यात खाऊन त्यांना गुण देत बसू नये. सौम्य मिसळीपासून सुरू करून दर आठवड्याला एक पायरी वर चढावे, म्हणजे जिभेला फरक कळू लागतो. मिसळ समोर आली की लगेच लिंबू पिळू नये. आधी नुसता कट चमचाभर चाखावा, मग मटकी आणि फरसाण कालवावे आणि लिंबाची गरज वाटली तरच ते वापरावे. फरसाण एकदम सगळे कालवले की तिसऱ्या घासापर्यंत त्याचा लगदा होतो, म्हणून थोडे बाजूला ठेवावे. कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत पोहोचणे उत्तम. रविवारी साडेनऊनंतर निघणाऱ्याने घरून पोहे खाऊन निघावे, कारण रांगेत उपाशी उभा राहिलेला माणूस शेवटी चवीऐवजी भूक भागवतो.

चहाच्या बाबतीत फारसे सांगण्यासारखे नाही. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात रुजवलेल्या अमृततुल्यात दूध, पाणी, साखर, चहा पावडर, आले आणि वेलची पितळी पातेल्यात एकत्र उकळतात आणि चहा फडक्यातून गाळतात. नवे पातेले गाळले जात असेल त्या क्षणी चहा मागावा, आणि गाळून बराच वेळ झालेला चहा असेल तर दोन मिनिटे थांबून पुढच्या पातेल्याची वाट पाहावी. दुकानदाराला तसे विचारले तर तो रागावत नाही. उलट गिऱ्हाईक जाणते आहे हे त्याला आवडते.

बेकरी आणि मिठाईच्या दुकानांसाठी घड्याळ पाहूनच घराबाहेर पडावे. कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीची श्रुसबेरी बिस्किटे घ्यायची असतील तर सकाळी जाणे चांगले, कारण दुपारी दुकान बंद असते. दुपारच्या विश्रांतीची ही रीत शहरात इतकी मुरलेली होती की चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडे ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्याची चक्क बातमी झाली. बाकरवडी घरी करून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. आवरण खुसखुशीत आणि सारण कोरडे, हे दोन्ही एका वेळी साधणे घरच्या कढईत कठीण असते, त्यामुळे हा पदार्थ निःसंकोचपणे बाहेरचा मानावा. आंब्याच्या दिवसांतली मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेले घट्ट मिल्कशेक, हीही बाहेरचीच, मात्र ती जेवणानंतर पिऊ नये. ती स्वतःच एक जेवण आहे.

आता घरच्या गटाकडे वळू, आणि त्यासाठी महात्मा फुले मंडईत जावे लागेल. १८८६ मध्ये उभी राहिलेली ही अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोच्या भुयारी मार्गाने गाठता येते. मंडई याच नावाचे स्थानक असल्यामुळे गाडी कुठे लावायची हा जुना प्रश्न आता राहिलेला नाही. पालेभाजीसाठी सकाळी जावे. फळभाजी, कांदे आणि बटाटे संध्याकाळी उशिरा उतरत्या भावात घेतले तरी चालतात. जाताना यादी घेऊन जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. यादी घेऊन जाणारा माणूस भेंडी शोधत राहतो आणि समोर पडलेली कोवळी चवळई त्याला दिसत नाही. आधी एक फेरी नुसती मारावी, तीन-चार गाळ्यांवर जे एकसारखे ताजे आणि भरपूर दिसेल ते हंगामातले समजावे आणि दुसऱ्या फेरीत खरेदी करावी. एकाच गाळ्यावर नेहमी जात राहिल्यास ‘आज ही घेऊ नका, कालची आहे’ असे सांगणारा विक्रेता मिळतो, आणि हा लाभ घासाघीस करून वाचवलेल्या दहा रुपयांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

पावसाळ्यात या मंडईतून अळू आणावे आणि अळूचे फदफदे घरीच करावे. अळू घेताना देठ पाहावा. काळसर, जांभळट देठाची पाने वडीसाठी असतात. फिकट हिरव्या देठाचे अळू भाजीचे. फदफद्यासाठी दुसरे घ्यावे आणि सोबत आंबट चुक्याची अर्धी जुडी घ्यावी, कारण अळूतला खाजरेपणा आंबटाने कमी होतो. चार माणसांसाठी आठ-दहा पाने देठांसह पुरतात. दोन चमचे हरभऱ्याची डाळ आणि तेवढेच शेंगदाणे तीन-चार तास भिजत घालावेत. चिरण्यापूर्वी हाताला तेल लावावे, देठांची साले काढावीत आणि पाने, देठ व चुका बारीक चिरून कुकरमध्ये शिजवावीत. डाळ-दाणे त्याच कुकरमध्ये वेगळ्या भांड्यात ठेवावेत, नाहीतर घोटताना तेही मोडतात आणि दाताखाली येण्याची मजा जाते. शिजलेली भाजी गरम असतानाच रवीने घोटावी, दोन चमचे बेसन लावून पुन्हा घोटावी आणि मग पाणी घालून गॅसवर ठेवावी. डाळ-दाणे, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, गोडा मसाला आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप घालून भाजी दहा मिनिटे उकळू द्यावी, कारण बेसनाचा कच्चा वास त्याआधी जात नाही. शेवटी मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद आणि हिरव्या मिरच्यांची तेलातली फोडणी वरून घालावी. मेथीदाणे लालसर झाले की फोडणी उतरवावी. काळे पडले तर सगळ्या भाजीला कडवटपणा येतो. हॉटेलात मिळणाऱ्या अळूत गूळ बहुधा हात सैल सोडून घातलेला असतो. घरी चिंच किंचित पुढे आणि गूळ किंचित मागे ठेवावा.

भाकरीची गोष्ट पीठापासून सुरू होते. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापतानाच कडेला चिरा पडतात, म्हणून ज्वारी आठवड्याला पुरेल एवढीच दळून आणावी. गिरणीत डबा ठेवताना ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचे किंवा हरभऱ्याचे पीठ मिसळते. विरी गेलेल्या पिठालाही उकळते पाणी घालून भिजवले तर भाकरी बऱ्यापैकी होते. एका वेळी एकाच भाकरीचे पीठ भिजवावे आणि ते तळहाताच्या टाचेने चांगले मळावे. थापलेली भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा, ते पाणी सुकत आले की उलटावी, दुसरी बाजू नीट भाजू द्यावी आणि मग पहिली बाजू थेट आचेवर धरावी. फुगलेली भाकरी पाच मिनिटांत वातड होऊ लागते. एवढ्या एका कारणासाठी ती हॉटेलात मागवू नये. अपवाद सिंहगडाचा. तिथे पिठले-भाकरी चुलीवरून थेट हातात येते आणि सोबत मडक्यातले दही मिळते.

भातासाठी घरात दोन प्रकारचे तांदूळ ठेवावेत. वरणभाताला मावळातला इंद्रायणी घ्यावा. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालेला हा वाण १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून पुढे आला. त्याला आंबेमोहोराच्या अंगाने जाणारा वास आहे, पण तो चिकट होतो, म्हणून मसालेभाताला तो घेऊ नये. नव्या तांदळाला पाणी नेहमीपेक्षा कमी घालावे. मसालेभाताला जुना, सुटा होणारा तांदूळ घ्यावा.

मांसाहारी घरांत बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे दिवस ठरलेले असतात. रविवारी मटणाच्या दुकानासमोरची रांग टाळायची असेल तर एकतर फार लवकर जावे किंवा सरळ बुधवार निवडावा. दुकानात नुसते ‘अर्धा किलो द्या’ म्हणू नये. रस्सा करायचा असल्यास नळी, सीना आणि चाप मिसळून मागावे, सुक्यासाठी मांडीचे तुकडे मागावेत. मंद उकळीचे ते बाहेरचे, या नियमाला मटणाचा रस्सा अपवाद; तो घरी करावा, कारण त्याला दीड-दोन तास मंद आचेवर ठेवण्याची सवड घरीच मिळते; तळलेले आणि तंदुरीतले प्रकार बाहेर खावेत. मासे आणायचे असतील तर गणेश पेठेतला मासळीबाजार सकाळीच गाठावा. पश्चिम किनाऱ्यावर जून आणि जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत पापलेट-सुरमईचा हट्ट सोडून गोड्या पाण्यातली मासळी घ्यावी. तेव्हा मिळणारी पापलेटे बहुधा बर्फात साठवलेली असतात आणि त्यांच्यासाठी चढा भाव मोजण्यात अर्थ नाही.

थाळी हा मात्र दोन्ही गटांच्या मधला प्रकार आहे. घरी पंधरा पदार्थ करणे सणालाच शक्य होते, म्हणून एरवी लक्ष्मी रस्त्यावरच्या पूना गेस्ट हाऊससारख्या जुन्या ठिकाणी किंवा दूर्वांकुर, श्रेयस यांच्याकडे जावे. वाढप सुरू होते त्या वेळेला पोहोचावे. त्या वेळी पुऱ्या कढईतून येत असतात, आणि दोन वाजता त्याच पुऱ्या वाट पाहून थकलेल्या असतात. पहिल्या वाढपाला सगळे घेऊ नये. वरणभात, तूप आणि लिंबू यांनी सुरुवात करावी, मग भाजी आणि कोशिंबीर यांचा अंदाज घ्यावा, आणि गोडाला हात घालण्याआधी मठ्ठा पिऊ नये. वाढपी आग्रह करतात तेव्हा तोंडाने नाही म्हणून उपयोग होत नाही. ताटावर हात आडवा धरावा. रविवारी संध्याकाळी बऱ्याच खाणावळी बंद असतात, म्हणून त्या रात्रीसाठी घरी मुगाची खिचडी आणि पापड ठरवून टाकावे.

हंगामाकडे लक्ष ठेवणाऱ्याला वर्षभर बदल मिळत राहतो. पुरंदरची अंजिरे मीठा बहारात, म्हणजे उन्हाळ्याकडे झुकताना, अधिक गोड असतात. ती हाताला मऊ लागतील अशीच घ्यावीत आणि त्याच दिवशी संपवावीत, कारण फ्रिजमध्ये त्यांची साल सुरकुतते. डिसेंबरपासून हुरडा येतो. तो शहरात पाकिटातून खाण्यापेक्षा शेतावर, आगटीसमोर बसून आणि लसणाच्या चटणीसोबत खावा. भाद्रपदात ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी मंडईत ऋषीच्या भाजीचे वाटे मांडलेले असतात. त्यात अळू, माठ, भोपळा, दोडका, पडवळ, सुरण आणि कणसाचे तुकडे असतात. ही भाजी बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेल्या जिन्नसांची असते आणि तिला तेलाची फोडणी देत नाहीत, त्यामुळे प्रत्येक भाजीची मूळ चव तिच्यात वेगळी कळते. भोगीला वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा आणि तीळ यांची मिश्र भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करावी. ओला हरभरा सोलायला वेळ लागतो, म्हणून तो आदल्या दुपारी आणून भोगीच्या सकाळी घरातल्या सगळ्यांना सोलायला बसवावे. सोललेला हरभरा मंडईत तयारही मिळतो, पण तो सकाळी सोललेला आहे का हे विचारून घ्यावे. रात्रभर राहिलेल्या दाण्यांची चव उतरलेली असते.