ताम्हणाचं झाड बियांपासून कसं वाढवावं

एप्रिल सरत आला की कोकणातले वहाळ आणि नदीकाठ ताम्हणाने जांभळे होतात. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प, आणि १ मेला, महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला, ते भरात असतं. तरीही अंगणात लावायला आपण गुलमोहर नाहीतर नीलमोहर आणतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला. वहाळाकाठचं झाड मात्र मूठभर बियांतून घरी येऊ शकतं.

आधी मे महिन्यात झाड हेरून ठेवा, कारण फुलं असतानाच ओळख पक्की होते. सहा चुणीदार पाकळ्या, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका, पान साधं, लांबट, वीतभर. ताजं फूल गडद आणि शिळं फिकट, त्यामुळे एकाच तुऱ्यात दोन छटा दिसतात. नीलमोहराचं पान बारीक पिसांसारखं आणि फूल नळीसारखं असतं. ताम्हणाचा भाऊबंद नाणाही कोकणात आहे, पण त्याची फुलं बारीक आणि पांढरी. झाड कुणाच्या आवारात असेल तर तेव्हाच विचारून ठेवा.

थंडीत बोंडं पिकतात. हिरवी तोडू नका. तपकिरी, टणक झालेली, पण अजून न उकललेली घ्या. उकलली की पंखाचं बी वाऱ्यावर जातं. सुपात पसरून वारा नसलेल्या जागी उन्हात ठेवली की ती तडकतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बी रात्रभर भिजवून पेरा. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घेऊन खोक्यात भरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या आणि झारीनेच पाणी घाला. सगळं बी उगवत नाही, तेव्हा हव्या त्या रोपांच्या चौपट पेरा. पहिले कोंब दोन-तीन आठवड्यांत दिसतात, मागाहूनही येत राहतात. चार पानं झाली की एकेक रोप पिशवीत हलवा. पहिला पावसाळा रोपाने पिशवीतच काढावा, पण पागोळीखाली नको. त्या धारेने मुळं उघडी पडतात.

आता जागा, आणि सगळं इथेच ठरतं. माझी पहिली दोन रोपं मी सड्यावर, कातळाला खणून लावली होती. पावसात ती झपाट्याने वाढली आणि पुढच्या मे महिन्यात वाळून गेली. ताम्हण ओलीचं झाड आहे. विहिरीजवळ, पाटाच्या कडेला, पोफळीच्या बागेच्या बांधावर, न्हाणीचं पाणी जातं तिथे लावा. वर ऊन मात्र भरपूर हवं. मोठेपणी ते चांगलं पसरतं, म्हणून घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवा.

दुसऱ्या जूनमध्ये, पाऊस लागला की, दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. जांभ्याचे दगड वेचून काढा, तळाला पालापाचोळा आणि शेणखत घाला. पिशवी फाडा, पण मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नका. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात, त्याआधी भोवती काट्यांची वई करा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी द्या आणि बुंध्याशी पेंढा पसरा.

थंडी-उन्हाळ्यात पानं तांबूस होऊन गळून जातात. रोप मेलं म्हणून पुष्कळ जण तेव्हाच उपटून टाकतात. तसं करू नका. नखाने साल जराशी खरवडून बघा; आत हिरवं दिसलं तर पाणी चालू ठेवा.