गाय खरी, तारा खोटा: विज्ञानवार्ता पारखावी कशी

काळ्या गाईच्या अंगावर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवल्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर आले, तर बहुतेक जण ते हसण्यावारी नेतील. दुर्बिणीने टिपलेला लालभडक तारा आला, तर तो लगेच पुढे पाठवतील. यातली गाय खरी आहे. तारा मात्र २०२२ मध्ये एत्येन क्लेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने जेम्स वेब दुर्बिणीच्या नावावर गमतीने खपवलेली चोरिसो या सॉसेजची, म्हणजे गोव्यातल्या चोरिसाच्या स्पॅनिश भावंडाची, चकती होती. तेव्हा बातमी किती विचित्र वाटते आणि ती कोणी सांगितली, हे दोन्ही निकष आधी बाजूला ठेवावेत.

प्रथम बातमीतील संस्था, संशोधक, नियतकालिक आणि वर्ष टिपून घ्यावे. ‘शास्त्रज्ञांच्या मते’ एवढ्यावरच सारे भागवलेले असेल, तर तिथेच थांबावे. नावे मिळाल्यास मूळ शोधनिबंध गाठावा; सारांश आणि प्रयोगाची पद्धत एवढे वाचले तरी पुरते. पट्टे रंगवल्याने गाईंना माश्या कमी चावतात का, हे तपासणारा जपानी संशोधकांचा निबंध २०१९ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला आणि २०२५ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला. तो उघडला की कळते, गाई अवघ्या सहाच होत्या, आणि त्या काळ्या गाईंवर एका फेरीत चक्क काळेच पट्टे ओढले होते. हा वेडेपणा नव्हे. माश्या रंगाच्या वासामुळे दूर राहतात की पट्ट्यांमुळे, याचा निवाडा त्यावरच झाला: काळ्या पट्ट्यांनी फरक पडला नाही, पांढऱ्या पट्ट्यांनी मात्र चावणाऱ्या माश्या सुमारे निम्म्याने घटल्या. अशी तुलना निबंधात आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

निबंधाचे तज्ज्ञांकडून परीक्षण झाले आहे का, हेही पाहावे, कारण ‘आर्काइव्ह’सारख्या संकेतस्थळावर परीक्षणाआधीचे मसुदे असतात. सामान्य तापमानालाही अतिवाहक, म्हणजे विजेला जराही रोध न करणारा, राहणारा पदार्थ म्हणून दक्षिण कोरियातील ‘एलके-९९’ जुलै २०२३ मध्ये तिथेच अवतरला, आणि चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या त्याच्या तुकड्याची चित्रफीत जगभर फिरली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो बनवून पाहिला, पण दावा टिकला नाही. विद्युतरोध एकाएकी घसरत होता तो मिश्रणात राहून गेलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. चित्र बरेचसे स्पष्ट व्हायला महिनाही लागला नाही, म्हणून एवढ्या मोठ्या दाव्याला तीन-चार आठवड्यांची मुदत खुशाल द्यावी.

छायाचित्र असल्यास ते गूगल लेन्सवर टाकून आधी कोठे आले होते ते पाहावे, आणि दुर्बिणीचे म्हणवत असेल तर नासाच्या अधिकृत चित्रसंग्रहात शोधावे. चुकीचे काही पाठवून झालेच असेल, तर ते गुपचूप पुसून न टाकता त्याच गटात मूळ दुव्यासह खुलासा टाकावा. क्लेन यांनीही पुढे खुलासा करून माफी मागितली होती.