पैसे उकळणाऱ्या दाव्यांना बाजारपेठेने एकत्र येऊन आळा कसा घालावा

नागपुरातील सीताबर्डी, इतवारी किंवा गांधीबागेतल्या एखाद्या दुकानदाराला वकिलाची नोटीस येते की, तुमच्या सेवेत त्रुटी आहे, आमच्या अशिलाला मानसिक त्रास झाला आहे, पंधरा दिवसांत भरपाई द्या, अन्यथा दावा दाखल करू. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे लहानपणापासून ऐकत आलेला दुकानदार घासाघीस करून काही हजार रुपये देतो आणि ही गोष्ट शेजाऱ्यालाही सांगत नाही. मग तोच मजकूर, फक्त दुकानाचे नाव बदलून, पुढच्या गल्लीत पोहोचतो. दुकानातली खरी पण दुर्लक्षित त्रुटी आणि दुकानदाराचे एकटेपण, या दोन गोष्टींच्या आधारावर असे दावे चालतात, आणि या दोन्हींवरचा उपाय बाजारपेठेच्याच हाती आहे.

सुरुवात स्वतःच्या दुकानापासून करावी. थंड पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त घेणे हा दुकानदाराचा हक्क नसून कायद्याचा भंग आहे. वजनकाट्याची पडताळणी राहिली असेल किंवा पक्के बिल दिले जात नसेल, तर तक्रारीला आपणच जागा करून देतो. दिव्यांगांसाठीच्या सोयींचे उदाहरण घ्या. अनेक ठिकाणी तीन पायऱ्यांवर लोखंडी पत्रा टाकून उतार केलेला दिसतो, पण सर्वमान्य मापानुसार एक फूट चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार लागतो. म्हणजे दीड फूट उंचीच्या ओट्याला अठरा फूट. त्या पत्र्यावरून व्हीलचेअर चढत नाही, हे कंत्राटदार सांगत नाही. व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती पाच मिनिटांत दाखवून देते. म्हणून व्यापारी संघटनेने दिव्यांगांच्या संस्थांना आणि ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना वर्षातून एकदा सन्मानाने बोलावून बाजारात फिरवावे, त्यांनी सांगितलेल्या त्रुटी लिहून घ्याव्यात आणि कोणती दुरुस्ती कधी पूर्ण होणार, हे दुकानात लावावे. हे लोक आपले विरोधक नाहीत. त्यांची गरज खरी आहे आणि त्यांच्या नावावर पैसे उकळणाऱ्यांचा त्रास त्यांनाही होतो.

तक्रार ऐकून घेण्याची सोय बाजारातच असावी. गल्लीतला एक ज्येष्ठ व्यापारी, एक वकील आणि व्यापाराशी संबंध नसलेला एक ग्राहक अशी छोटी समिती नेमून तिचा फोन नंबर प्रत्येक बिलावर छापावा. ग्राहकाने ग्राहक आयोगाकडे जाऊ नये, असा दबाव मात्र कधीही आणू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही तिथेच छापला, तर विश्वास वाढतो.

नोटीस आलीच, तर आधी ती कोणाची आहे हे पाहावे. वकिलाच्या नोटिशीला मुद्देसूद लेखी उत्तर द्यावे. जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस असेल, तर 30 दिवसांत उत्तर दाखल करावे लागते आणि आयोग फार तर 15 दिवस वाढवून देऊ शकतो. या 45 दिवसांपलीकडे मुदत मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. ‘बघू, तडजोड होईल’ म्हणत बसणाऱ्याची खरी बाजूही इथे ऐकायची राहून जाते. तडजोड करायचीच असेल, तर ती चहाच्या टपरीवर रोख पैसे देऊन करू नये. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये मध्यस्थीची तरतूद आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दावा दाखल होण्यापूर्वीचा वादही लोकअदालतीत नेता येतो. तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असून त्याविरुद्ध अपील नसते, त्यामुळे तोच वाद पुन्हा उकरून काढता येत नाही.

खोट्या दाव्यांवर कायद्याचा धाक फारसा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35-अ खाली खोट्या दाव्याबद्दल मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा, व्यापारी वाद वगळता, 3,000 रुपये आहे. एवढ्या रकमेने सराईत माणूस थांबत नाही. मात्र महाराष्ट्रात 1971 चा एक कायदा आहे, ज्याखाली महाधिवक्त्यांच्या (राज्य सरकारच्या मुख्य वकिलांच्या) अर्जावरून उच्च न्यायालय सवयीने निराधार दावे करणाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय नवे दावे दाखल करण्यास मनाई करू शकते. त्यासाठी सवय सिद्ध व्हावी लागते, आणि एकट्या दुकानदाराच्या कपाटातल्या एका नोटिशीने ती कधीच सिद्ध होणार नाही. म्हणून प्रत्येक नोटिशीची प्रत, तारीख, मागितलेली रक्कम आणि नोटीस ज्यातून आली ते पाकीट संघटनेच्या वकिलाकडे जमा व्हावे. ही माहिती व्हॉट्सअॅपवर नाव-फोटोसह फिरवू नये. त्यातून बदनामीचा खटला आपल्यावरच येऊ शकतो आणि एखादा खरा तक्रारदार नाहक भरडला जातो. जमलेल्या नोटिशी वकिलाने दर तीन महिन्यांनी शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात, आणि ज्या नोटिशींतली त्रुटी खरी निघेल, त्या दुकानदाराला संघटनेने आधी दुरुस्ती करायला लावावी, मगच त्याच्या पाठीशी उभे राहावे.