जुनं दप्तर छाटताय? या चुका टाळा

रेकॉर्ड रूम मोकळी करा असं वरून आलं की सातारा काय नि सांगली काय, सगळीकडे आधी रद्दीवाल्याला फोन जातो. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा याची वर्गवारी तशी सगळ्यांना पाठ असते, अ कायम, ब 30 वर्षं, क 10 वर्षं, क-1 म्हणजे 5 वर्षं आणि ड 1 वर्ष. घोळ होतो तो कुठला कागद कशात टाकायचा तिथं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे "आता कोण मागतंय हे" म्हणून निकाल लावणं. 2023 ला मराठा आरक्षणाच्या वेळी कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा लोक कशासाठी हेलपाटे मारत होते बघा, गाव नमुना 14 (म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि शाळेचं जनरल रजिस्टर, ते पण 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचं (ओबीसी दाखल्याला हीच तारीख धरतात), आणि त्यातलं कितीतरी मोडी लिपीत. त्यामुळं वाचता येत नाही म्हणून मोडीचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, ड मध्ये ढकलू नका, प्लीज. वाचणारा माणूस मिळेपर्यंत तो गठ्ठा तसाच राहू द्या.

कोयनेचंच घ्या ना, धरण होऊन इतकी वर्षं झाली तरी धरणग्रस्तांच्या जमिनीचा प्रश्न निघाला की भूसंपादनाचा निवाडा (जमीन घेतल्याचा नि भरपाईचा आदेश) आणि संकलन रजिस्टरच (धरणग्रस्त खातेदारांची नोंदवही) बघावं लागतं. म्हणून विचारायचं एवढंच की हा कागद गेला तर कुणाचा हक्क किंवा सरकारचा निर्णय दुसऱ्या कशावरून सिद्ध होईल का? नसेल होत तर तो अ, मग कितीही फाटका असो.

पण भीतीपोटी सगळंच अ करायचं हे पण चुकीचंच. परिपत्रकाची मूळ फाईल जिथून ते निघालं तिथं असते, तुमच्याकडची झेरॉक्स कायम ठेवून काय उपयोग, त्यात खरं महत्त्वाचं गाडलं जातं.

"हे आपल्या जिल्ह्याचं नाही" म्हणून पण टाकू नका हं. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली झालं, त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर साताऱ्यातच होते, शिवाय सांगली, मिरज, जत संस्थानांचं दप्तर वेगळंच. असा कागद सापडला तर पलीकडच्या जिल्ह्याला आधी कळवा.

स्कॅन झालं म्हणून मूळ टाकायचं नाही. कोर्टात किंवा माहिती अधिकाराच्या अपिलात अडकलेली फाईल मुदत संपली तरी बाजूला ठेवायची. आणि जे नष्ट कराल त्याची यादी, मंजुरीच्या सहीसकट, कायम ठेवा, नाहीतर उद्या कुणी अर्ज केला की फाईल नियमानं गेली का हरवली हे सांगताच येणार नाही.